रक्तवाहिनीचं अस्तर आणि काही सेकंद जगणारा वायू : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बीटाचा रस आहे, छातीतल्या कळेवरची सॉर्बिट्रेटची गोळी आहे, जिममधली पावडर आहे, भ्रामरी आहे आणि विहिरीचं पाणीही आहे. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण प्रत्येक पत्राची वाट नायट्रिक ऑक्साइड या एकाच वायूकडे जाते, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या पुस्तकात नायट्रिक ऑक्साइड हा वाहनांच्या धुरातला घातक वायू आहे. व्हिडिओंमध्ये मात्र तो रक्तवाहिन्या उघडतो असं सांगतात. दोन्ही खरं कसं? दातांच्या डॉक्टरांकडचा हसवणारा वायू तो हाच का? (बारावीचा विद्यार्थी, नाशिक)

हसवणारा वायू वेगळा. तो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. नायट्रिक ऑक्साइडमध्ये दोन्हींचा एकेक अणू असतो. तो हवेत मोकळा सुटला की ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हा तिसरा वायू तपकिरी असतो आणि फुप्फुसांना इजा करतो. तुमच्या पुस्तकातला घातकपणा मुख्यतः या तिसऱ्याचा.

शरीरातलं नायट्रिक ऑक्साइड अगदी सूक्ष्म प्रमाणात, जिथे हवं तिथेच तयार होतं. धमनी आडवी कापली तर सर्वांत आत एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर दिसतं, त्याबाहेर अनैच्छिक स्नायूंचा थर आणि त्याबाहेर आवरण. रक्त वाहताना या अस्तराला घासत जातं. प्रवाह वाढला की घर्षण वाढतं, ते अस्तराच्या पेशींना कळतं आणि त्यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन घेऊन नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हा वायू पेशीच्या पडद्यातून सहज आरपार जातो आणि शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो. तिथलं एक लोहयुक्त विकर त्याला पकडतं आणि सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार करायला लागतं. त्यामुळे स्नायूपेशीतलं मोकळं कॅल्शियम घटतं, स्नायूची पकड सुटते आणि वाहिनी रुंदावते. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) अस्तराला चिकटून गुठळी करू नयेत, याची काळजीही हाच वायू घेतो.

रुंदावते म्हणजे किती? हिशेब करून पाहा. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर दाब तोच असताना ४६ टक्के जास्त रक्त वाहतं. तीच त्रिज्या १६ टक्क्यांनी आक्रसली तर प्रवाह निम्म्यावर येतो. म्हणून अतिशय लहान धमन्यांमधली किंचितशी ढिलाईसुद्धा सगळ्या शरीराचा रक्तदाब हलवते. केशवाहिन्यांना स्नायूंचा थरच नसतो, त्यामुळे तिथे किती रक्त जायचं हे त्यांच्या आधीच्या या बारीक धमन्याच ठरवतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती लागणार आहे : हा वायू काही सेकंदच जगतो. रक्तात पडला तर त्याहूनही कमी, कारण हिमोग्लोबिन त्याला लगेच धरून निष्प्रभ करतं. तो साठवता येत नाही, दूरवर पाठवता येत नाही. जिथे बनतो तिथेच काम करतो.

प्रश्न : डायनामाइटमधला पदार्थ हृदयाच्या औषधात असतो, हे खरं की ऐकीव? (कोल्हापूर)

खरं आहे. इटलीतल्या तुरिन इथे आस्कानियो सोब्रेरोने १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरिन बनवलं. त्याचा कण जिभेवर ठेवला तरी डोकं ठणकतं, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. आल्फ्रेड नोबेलने हे भडक द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवून १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी छातीतल्या कळेवर त्याचा सौम्य द्राव वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं दुखणं मात्र पुढे फार उपयोगी ठरलं. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की डोकं प्रचंड दुखायचं, दोन-तीन दिवसांत ते थांबायचं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्वचेतून आणि श्वासातून जाणाऱ्या नायट्रोग्लिसरिनची शरीराला सवय व्हायची, ती सुट्टीत मोडायची. काहींना तर सुट्टीच्या दिवशीच छातीत दुखायचं, कारण सैल राहायला सरावलेल्या वाहिन्या एकाएकी आवळायच्या. काही कामगार सवय मोडू नये म्हणून टोपीच्या पट्टीत थोडा पदार्थ घालून घरी न्यायचे. हाच ‘सवय होणे’ प्रकार आजच्या गोळ्यांच्या वेळापत्रकात कसा आडवा येतो, ते पुढे साताऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नात पाहा.

नोबेलला स्वतःला १८९६ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, डॉक्टरांनी हृदयासाठी हेच औषध सांगितलं होतं. ते काम कसं करतं हे कळायला पुढची ऐंशी वर्षं गेली. १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवलं की असल्या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर एक साधा, देखणा प्रयोग केला. पट्टीचं आतलं अस्तर खरवडून काढलं तर ॲसिटिलकोलिन हे वाहिनी सैल करणारं रसायन घातल्यावरही ती सैल होईना. मग खरवडलेल्या पट्टीला अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी आतल्या बाजूने चिकटवली, तर खरवडलेलीही सैल झाली. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून शेजारच्या स्नायूत जात होतं. ते ‘काहीतरी’ नायट्रिक ऑक्साइडच असावं, असं फर्चगॉट आणि लुईस इग्नारो यांनी १९८६ मध्ये सुचवलं. १९८७ मध्ये लंडनला साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने अस्तराच्या पेशींतून हा वायू सुटतो हे मोजून दाखवलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादा राहिले, आणि आमच्या मते ती चूकच झाली.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, अँजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येण्याचा त्रास आहे. खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते. कळ आली की नेमकं काय करायचं? एकदा गोळी घेतल्यावर ते चक्कर येऊन पडले. (सातारा)

पडले, म्हणजे बहुधा उभ्याने घेतली असावी. सर्वांत आधी बसवायचं. खुर्चीत पाठ टेकवून किंवा भिंतीला टेकून. उभं राहिलं तर बीपी एकदम उतरून माणूस कोसळतो. पूर्ण आडवं केलं तर पायांतलं रक्त हृदयाकडे जास्त येतं आणि हृदयावरचा भार वाढतो. नायट्रोग्लिसरिनच्याच घराण्यातली, नायट्रेट वर्गातली ही गोळी मुख्यतः शिरा सैल करते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी करते आणि त्याचं काम हलकं करते. हृदयाच्या धमन्या रुंदावण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व या भार उतरण्याला आहे.

बसल्यावर ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली. गिळायची नाही. गिळली तर आतड्यातून आधी यकृतात जाते, तिथे तिचा मोठा भाग निकामी होतो आणि उशीरही होतो. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाण्याने ओलं करा, नाहीतर गोळी नुसती पडून राहते. वयस्कर माणसांत हे हमखास होतं. गोळी विरघळेपर्यंत बोलायला लावू नका. दोन ते पाच मिनिटांत आराम पडायला हवा.

घड्याळ पाहा. पाच मिनिटांत कळ थांबली नाही किंवा वाढली, तर १०८ ला फोन करा आणि मग दुसरी गोळी द्या. आणखी पाच मिनिटांनी तिसरी. तीनच्या वर नाही. ‘आणखी एक देऊन पाहू’ यात तास घालवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, कारण कळ थांबत नाही याचा अर्थ धमनी नुसती अरुंद नसून बंद झालेली असू शकते, आणि बंद धमनी या गोळीने उघडत नाही. ॲस्पिरिन चावायला द्यायची की नाही, हे वडिलांच्या डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. त्या घाईत ते आठवत नाही.

गोळी कधी द्यायची नाही? वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर. घाम, अंधारी, हातपाय गार असतील आणि बीपी मोजता येत नसेल तरी नाही. लैंगिक ताठरतेच्या गोळ्यांपैकी गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतलं असेल तर मुळीच नाही. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या कोणालाही शेजारधर्म म्हणून आपल्या पट्टीतली गोळी देऊ नका. हृदयाच्या उजव्या कप्प्याला धक्का बसलेला असेल तर हीच गोळी बीपी पाडून जीव घेऊ शकते, आणि ते ईसीजीशिवाय कळत नाही. ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि सॉर्बिट्रेटची पुडी सर्वांनी जवळ बाळगा, असे जे संदेश फिरतात, त्यांत हा धोका कुठेच लिहिलेला नसतो.

गोळीनंतर डोकं ठणकलं, चेहरा गरम झाला तर घाबरू नका. डोक्यातल्या वाहिन्याही सैल झाल्याची ती खूण आहे, आणि त्यावर पॅरासिटामॉल चालते. पट्टी शर्टाच्या खिशात घामात भिजू देऊ नका, स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मुदतीची तारीख दर दोन महिन्यांनी पाहा. सॉर्बिट्रेटऐवजी नायट्रोग्लिसरिनची गोळी असेल तर जास्त जपायला हवं, कारण तो पदार्थ उडून जातो. ती मूळच्या काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवायची, आत कापूस घालायचा नाही, प्लास्टिकच्या डबीत काढायची नाही. बाटली फोडली की आठ आठवड्यांनी उरलेल्या टाकून नवी आणायची.

प्रश्न : वडिलांना मोनोनायट्रेटची गोळी सकाळी ८ आणि दुपारी ३ ला सांगितली आहे. दोनदा घ्यायची तर सकाळ-संध्याकाळ का नाही? आम्ही सोयीसाठी रात्री ८ ला देतो. (सातारा, हेच कुटुंब)

दुपारी ३ हीच वेळ बरोबर आहे, रात्री ८ चूक. मघाच्या डायनामाइट-कामगारांसारखीच वाहिन्यांना या नायट्रेट वर्गातल्या औषधाची सवय होते. ते चोवीस तास अंगात राहिलं तर एक-दोन दिवसांतच त्याचा गुण ओसरू लागतो. म्हणून दिवसातले दहा-बारा तास मुद्दाम कोरडे ठेवतात. सकाळी आणि दुपारी दिलं की रात्र मोकळी मिळते आणि दुसऱ्या सकाळी गोळी पुन्हा लागू पडते. त्वचेवरची पट्टी असेल तर ती रात्री काढून ठेवतात, याच कारणाने. कळ रात्रीच येत असेल तर वेळा उलट्या करता येतात, पण ते डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : वय ४९. मधुमेह नाही. वर्षभरापासून लैंगिक ताठरता कमी झाली आहे. मित्राने गोळी आणून दिली, ती लागू पडते. आणखी काही करायला हवं का? (नाव-गाव दिलेलं नाही)

हवं, आणि विचारलंत हे फार बरं केलंत. ताठरता येते ती त्या भागातल्या मज्जातंतूंतून आणि अस्तरातून सुटणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळेच. मित्राने दिलेली गोळी (बहुधा सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल) हा वायू बनवत नाही. वायूने तयार केलेलं सीजीएमपी मोडणाऱ्या विकराला ती अडवते, म्हणून निरोप जास्त वेळ टिकतो. पण मुळात वायूच का कमी पडतोय, हा प्रश्न तसाच राहतो. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. अस्तर बिघडलं की लहान वाहिनी आधी बोलते, मोठी काही वर्षांनी. तेव्हा बीपी, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल एवढं या महिन्यात तपासून घ्या आणि तंबाखू असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. नायट्रेटच्या कुठल्याही गोळीबरोबर, म्हणजे सॉर्बिट्रेटसारख्या, ही गोळी प्राणघातक ठरू शकते. अचानक दवाखान्यात जावं लागलं तर लाज न बाळगता आधी हीच माहिती द्या.

प्रश्न : बीपी १४६/९०, एक गोळी चालू आहे. बीटाचा रस रोज घेतला तर गोळी सुटेल का? किती घ्यायचा? शिजवलेलं बीट चालतं का? (ठाणे)

गोळी सुटेल या आशेवर घेऊ नका. बाकी बीट खरंच काम करतं आणि ते कसं करतं हे कळलं तर चुका टळतील.

बीट, पालक, माठ, मुळ्याचा पाला यांत नायट्रेट भरपूर असतं. पोटात गेलेल्या नायट्रेटपैकी साधारण पाव हिस्सा लाळग्रंथी रक्तातून शोषून पुन्हा लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की जठरातल्या आम्लात आणि पुढे रक्तात, ऊतींत त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. अस्तराच्या कारखान्याला वगळून जाणारी ही दुसरी वाट आहे, आणि तिच्यावर आपलं नियंत्रण ताटातूनच असतं.

लंडनमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटाचा रस दिला. त्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम नायट्रेट होतं. वरचं बीपी सरासरी सात-आठ अंकांनी उतरलं. एका गोळीच्या जवळपासचा हा परिणाम आहे. पण रस थांबवल्यावर तो दोन आठवड्यांत गेला. शिवाय त्या रसातलं नायट्रेट मोजलेलं होतं, आपल्या मंडईतल्या बीटाचं नसतं. जमीन, खत, ऋतू यांप्रमाणे १०० ग्रॅम बीटात १०० मिलिग्रॅम असेल किंवा २५० असेल. दोन मध्यम बीटं, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम, हा समंजस अंदाज. परिणाम दोन-तीन तासांनी सर्वाधिक असतो.

शिजवताना नायट्रेट नष्ट होत नाही, पाण्यात उतरतं. बीट सोलून, तुकडे करून उकळलं आणि गुलाबी पाणी मोरीत ओतलं तर मोठा वाटा तिथेच गेला. सालासकट कुकरमध्ये वाफवा, किंवा किसून कच्ची कोशिंबीर करा, किंवा पाणी आमटीत घाला. पालकाचंही तसंच. रस घेत असाल तर गाळू नका आणि साखर घालू नका.

लघवी-शौच लालसर झालं तर तो बहुधा बीटाचा रंग असतो. बीट बंद करून दोन दिवसांत रंग गेला नाही तर मात्र तपासा. मूतखडा होऊन गेला असेल तर रोजचं बीट आणि पालक टाळा, दोन्हींत ऑक्झलेट बरंच असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि तुम्ही गोळी घेताच आहात, तर रस सुरू केल्यावर पहिला आठवडा बीपी रोज एकाच वेळी मोजून लिहा.

आता एक खाचखळगा, जो बहुतेकांना माहीत नसतो. जंतुनाशक माउथवॉश, विशेषतः क्लोरहेक्सिडिनचा, रोज दोनदा वापरला तर जिभेवरचे ते जिवाणूच मरतात. मग बीट खाऊन नायट्राइट तयारच होत नाही, आणि आठवडाभरात बीपी दोन-तीन अंकांनी वाढल्याचंही दिसलं आहे. हिरडीच्या उपचारासाठी दातांच्या डॉक्टरांनी ठरावीक दिवस दिला असेल तर तो पूर्ण करा. नुसत्या ताजेपणासाठी रोज वापरत असाल तर थांबवा, साध्या पाण्याची चूळ पुरते.

प्रश्न : जिममध्ये ‘एन ओ बूस्टर’ (एन ओ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड) म्हणून आर्जिनिनची पावडर घ्यायला सांगतात. वडिलांना दोन महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक आला, त्यांनाही देऊ का? (पिंपरी)

वडिलांना नाही. अमेरिकेत हार्ट ॲटॅकनंतरच्या १५३ रुग्णांवर याचीच तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज तीन वेळा ३ ग्रॅम आर्जिनिन, दुसऱ्याला नकली पावडर. आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्यात एकही नाही, आणि प्रयोग थांबवावा लागला. धमन्यांचा कडकपणाही कमी झाला नव्हता.

तुमच्यासाठी धोका तेवढा नाही, पण पैसे वाया जातात. अस्तराच्या पेशीत आर्जिनिन आधीच गरजेच्या कितीतरी पट असतं, आणि खाल्लेल्यातला बराच भाग आतडं आणि यकृतच संपवतात. बिघाड कच्च्या मालाच्या तुटवड्याचा नसतो. तंबाखूचा धूर, वाढलेली साखर, वाढलेलं बीपी यांमुळे अस्तरात सुपरऑक्साइड हा आक्रमक रेणू वाढतो. तो तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड क्षणात खाऊन टाकतो. वर विकराच्या मदतनीस रेणूचीही नासाडी करतो, त्यामुळे ते विकरच नायट्रिक ऑक्साइड सोडून सुपरऑक्साइड बनवायला लागतं. अशा कारखान्यात आणखी माल ओतून काय होणार?

प्रश्न : अस्तर चांगलं आहे की नाही हे कळणारी तपासणी आहे का? लाळेच्या पट्टीची जाहिरात पाहिली. (इंदूर)

लाळेची पट्टी तासाभरापूर्वी पालक खाल्लात का एवढंच सांगते. खरी तपासणी आहे, पण ती मुख्यतः संशोधनात करतात. रात्रभर उपाशी, चहा-कॉफी-तंबाखूशिवाय माणसाला शांत खोलीत झोपवतात. कोपराच्या वरची धमनी सोनोग्राफीत धरून तिचा व्यास मोजतात, समजा ४.०० मिलिमीटर. मग कोपराखाली बीपीचा पट्टा बांधून वरच्या बीपीपेक्षा ५० अंक जास्त फुगवतात आणि पाच मिनिटं तसाच ठेवतात. हात बधिर होतो, मुंग्या येतात. पट्टा सोडला की उपाशी राहिलेल्या हाताकडे रक्त धावतं, अस्तराला घासतं, आणि साधारण मिनिटभरात धमनी फुगते. ४.२८ झाली तर वाढ सात टक्के, म्हणजे अस्तर बरं काम करतंय. दोन-तीन टक्केच वाढली तर ते थकलंय. शेवटी जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देऊन पुन्हा मोजतात. त्याने फुगली, तर स्नायू ठीक आहे आणि दोष अस्तराचाच, हे कळतं.

यातून रोजच्या कामाचं एक निरीक्षण मिळालं. सलग तीन तास खुर्चीत बसलं की मांडीतल्या धमनीचं हे फुगणं घटतं. दर तासाला पाच मिनिटं चाललं तर घटत नाही. पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या माणसाच्या मांडीत रक्त संथ होतं, घर्षण नाही म्हणून निरोप नाही. चालण्याचा उपयोग ‘कॅलरी’पुरता मोजणाऱ्यांनी ही बाजू जरूर लक्षात घ्यावी.

प्रश्न : भ्रामरीने नायट्रिक ऑक्साइड पंधरा पट वाढतं आणि बीपी उतरतं, असं योगवर्गात सांगतात. (पणजी)

पंधरा पट हा आकडा खरा आहे, तो स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला, २००२ सालचा. पण वाढ मोजली ती नाकातून बाहेर येणाऱ्या हवेतली. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत हा वायू साठतो, गुंजनाच्या कंपनाने तिथली हवा ढवळून बाहेर येते. एकामागून एक गुंजन केलं की साठा संपून प्रमाण उतरत जातं. श्वासाबरोबर तो फुप्फुसात पोहोचतो आणि तिथल्या वाहिन्यांना थोडी मदत करतो, पण पुढे रक्तात जाताच हिमोग्लोबिन त्याला संपवतं. हातापायांच्या धमन्यांपर्यंत तो जात नाही. भ्रामरीने बीपी उतरत असेल तर ते संथ, लांब उच्छ्वासामुळे. म्हणजे करा जरूर, कारण फक्त वेगळं आहे.

प्रश्न : बहिणीच्या बाळाला जन्मल्यावर अतिदक्षता विभागात नायट्रिक ऑक्साइड वायू दिला. हा कशासाठी? (नागपूर)

गर्भात फुप्फुसांना काम नसतं, म्हणून तिथल्या वाहिन्या आवळलेल्या असतात. पहिल्या श्वासाबरोबर त्या उघडायला हव्यात. काही बाळांत त्या उघडतच नाहीत, रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं आणि बाळ निळं पडतं. तेव्हा श्वासयंत्राच्या हवेत दहा लाखात वीस भाग एवढं नायट्रिक ऑक्साइड मिसळतात. गंमत पाहा, हा वायू जिथे हवा पोहोचते त्याच भागातल्या वाहिन्या उघडतो आणि रक्तात शिरताच संपतो, त्यामुळे बाकी शरीराचं बीपी पडत नाही. अल्पायुष्य हाच इथे त्याचा गुण. त्याआधी हृदयाची इको करून जन्मजात दोष नाही ना हे पाहतात. वायू देताना रक्तातलं मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, आणि नळीतलं नायट्रोजन डायऑक्साइड मोजत राहतात. बंद करताना एकदम नाही, वीसवरून पाच, पाचवरून एक असं उतरवत. एकदम तोडला तर वाहिन्या पुन्हा आवळतात.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. भाजीतलं चांगलं आणि पाण्यातलं वाईट, असं कसं? घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, पाणी उकळून देतो. (बुलढाणा जिल्हा)

उकळणं आजच थांबवा, म्हणजे नायट्रेटसाठी थांबवा. पाण्याची वाफ होते, नायट्रेट तसंच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, क्लोरिन, कँडल फिल्टर, यूव्ही यांनीही ते जात नाही. आरओ किंवा आयन-बदल पद्धतीचं यंत्रच ते काढतं.

नायट्रेट दोन्हीकडे एकच. फरक बाळाचा आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळात नायट्रेटचं नायट्राइट जास्त होतं. ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. मोठ्यांच्या रक्तातलं विकर ते लगेच दुरुस्त करतं, बाळात ते अजून पुरेसं नसतं. ओठ, नखं राखाडी-निळसर दिसली, बाळ मलूल झालं, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि विहिरीच्या पाण्याचं आठवणीने सांगा. यावर औषध आहे आणि ते लवकर दिलं तर बाळ सुधारतं.

पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बाळ अंगावर पीत असेल तर आईने ते पाणी प्यायलं तरी दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही, तेव्हा अंगावरचंच दूध चालू ठेवा. वरचं दूध पावडरचं असेल तर ते फक्त आरओच्या किंवा तपासलेल्या दुसऱ्या पाण्यात कालवा. तीन महिन्यांच्या बाळाला पालकाचं किंवा बीटाचं पाणी चाखवायची पद्धत काही घरांत असते, तीही नको.

विहिरीजवळ उकिरडा, गोठ्याचं मूत्र मुरणारी जागा किंवा शोषखड्डा आहे का पाहा. आसपासच्या शेतात पावसाच्या तोंडावर युरिया पडत असेल तर तोही झिरपतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, नमुना गार ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोहोचवा. बाटली दिवसेंदिवस उन्हात पडून राहिली तर आतले जिवाणूच नायट्रेट बदलून टाकतात आणि आकडा चुकीचा येतो.